पोलाद दबत नाही

सोमवार, ४ एप्रिल

ही दैनंदिनी विभागाच्या भांडारातून शिल्लक माल म्हणून प्राप्त झाली. ती गतवर्षाची असल्याने प्रत्येक पानावरचा छापील वार चुकीचा आहे. तो खोडून योग्य वार लिहिणे हे माझे प्रतिदिनीचे प्रथम कर्तव्य राहील. छापील असत्य खोडून हस्तलिखित सत्य नोंदवावे, हा सव्वीस वर्षांच्या नोकरीचा संस्कार.

भावी वाचकासाठी अल्प परिचय. मी प्राणिशास्त्र विभागातील मापक. जगात लोक एकमेकांची डोकी खातात, डोकी फिरवतात, डोक्यावर मिरे वाटतात. मी डोकी मोजतो. सध्या उंदरांच्या पिल्लांची. एकवीस दिवसांच्या पिल्लाची स्वच्छ केलेली कवटी भुईमुगाच्या शेंगेएवढी असते आणि तिची रुंदी दहा मिलिमीटरच्या आसपास भरते. कॅलिपरचे दोन जबडे दोन्ही बाजूंना टेकवायचे, अंगठ्याने चकती हळूहळू सरकवायची, आणि हाड लागले हे बोटाला कळताक्षणी थांबायचे. त्या थांबण्याचेच मला वेतन मिळते. प्रत्येक कवटी तीनदा मोजायची. माझ्या तीन आकड्यांत मिलिमीटरच्या दोन शतांशांहून अधिक फरक पडत नाही. विभागात या अलौकिक घटनेस ‘काकांचा हात’ म्हणतात.

गृहस्वामिनी डोकावून विचारती झाली, “काय लिहिताय एवढं?”

“आत्मवृत्त.”

“मग त्यात हेही लिहा, की एप्रिलात स्वेटर घालून बसलोय.”

लिहिले.

बुधवार, ६ एप्रिल

आखूडनाक्या उंदरांच्या कवट्यांच्या डब्या आल्या. एकूण चौसष्ट.

ज्यांच्यासाठी हा सर्व खटाटोप चालला आहे त्या आमच्या विभागातील संशोधिका. वय तीस, उंची बेताची, शंका अमर्याद. मी त्यांना विदुषी म्हणतो, त्या मला काका म्हणतात. दोघांनाही बढती मिळाल्यासारखे वाटते. जूनच्या पंधरा तारखेपर्यंत त्यांना प्रबंध सादर करायचा आहे. तो वेळेत गेला तर दुसऱ्या शहरातील एका मोठ्या संस्थेत त्यांची जागा निश्चित आहे. न गेला तर ती जागा दुसऱ्या कोणाची.

प्रश्न असा: अवटु ग्रंथी, जिला सामान्य जन थायरॉइड म्हणतात, तिचे संप्रेरक वाढत्या पिल्लाला कमी पडले तर कवटीचे काय होते, आणि ते सगळ्यांचे सारखेच होते की जनुकांप्रमाणे वेगवेगळे? म्हणून उंदरांचे दोन वंश घेतले, एक लांबनाक्या, एक आखूडनाक्या. दोन्हींतल्या अर्ध्या आयांच्या पाण्यात ग्रंथीला झोपवणारे औषध. त्यांची पिल्ले मंद होतात, सदा गारठलेली असतात, एकमेकांच्या अंगावर पडून झोपा काढतात. तोंड सुजल्यासारखे दिसते. कवटीच्या हाडांमधल्या शिवणी वेळेवर मिटत नाहीत. मला त्यांच्याविषयी विशेष काही वाटत नाही. हल्ली मला कोणाविषयीच विशेष काही वाटत नाही. वय वाढल्याचा हा एक सुखद लाभ असावा.

कोणत्या पिल्लाला औषध पोहोचले ते मापकाला कळू नये म्हणून डबीवर केवळ क्रमांक असतो. यादी विदुषींच्या कुलुपात. दोन्ही वंशांच्या डब्या एकत्र मिसळून मोजाव्यात असाही नियम आहे. परंतु आखूडनाके महिनाभर उशिरा जन्मले. लांबनाके मी फेब्रुवारीतच मोजून टाकले होते.

विदुषी म्हणाल्या, “थांबायला हवं होतं का, सर?”

विभागप्रमुख म्हणाले, “अगं, काकांचा हात आहे. हात तोच, कॅलिपर तोच. अजून काय हवंय तुला?”

मी विनयाने मान झुकवली. सत्य ऐकताना मी नेहमी झुकवतो.

मंगळवार, १२ एप्रिल

ताईला जाऊन आज तीन महिने झाले. आई मी चार वर्षांचा असताना गेली; पुढचे सगळे ताईने केले. जेवण, शाळा, मार, सर्व.

तिच्या अखेरच्या दिवशी मी गाड्या ठरवल्या, दाखला आणला, आलेल्यांना पाणी दिले. डोळ्यांतून टिपूस नाही. तेव्हापासून नाहीच. गृहस्वामिनीला ही गोष्ट खटकते.

“अहो, एकदा रडून तरी घ्या.”

“शोक हा अज्ञानाचा परिपाक आहे.”

“आणि रात्री आठलाच घोरता तो कशाचा परिपाक?”

मी स्थितप्रज्ञ झालो आहे हे हिला कोणी समजावावे? सुख नाही, दुःख नाही, भूकही यथातथा. तरी शर्टाची बटणे लागेनाशी झाली आहेत. वैराग्याने वजन वाढते हे मात्र कोणत्याच ग्रंथात लिहिलेले नाही.

सोमवार, १८ एप्रिल

उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे सकाळी मुंग्यांनी भरलेली असतात. दुपारपर्यंत मुंग्या जातात, परंतु बोटे परत येत नाहीत. म्हणजे जागेवर असतात, पण शेजाऱ्याची असावीत तशी. हातावर डोके ठेवून झोपत असेन.

कामावर परिणाम शून्य. रोज प्रथम पोलादी ठोकळा मोजतो, तो दहा मिलिमीटरचा आहे. आज तीनही वेळा दहा पूर्णांक शून्य शून्य. पोलाद साक्षी आहे.

आखूडनाक्यांचे आकडे किंचित कमी येत आहेत. वंशच तसा असेल.

गुरुवार, २१ एप्रिल

क्रमांक पंचावन्न मोजताना टिक असा आवाज आला. वाळलेली बी फुटावी तसा. मला वाटले खिडकी. पाहतो तो कवटीला मधल्या शिवणीपासून तडा गेलेला.

मला आवाज ऐकू आला. बोटांना काहीही कळले नाही.

नोंदवहीत लिहिले: ‘मूळचाच तडा. मापन अग्राह्य.’ सव्वीस वर्षांत असे वाक्य मी प्रथमच लिहिले. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे.

लज्जा उत्पन्न होईल म्हणून थोडा वेळ थांबलो. झाली नाही. मग चहा घेतला.

सोमवार, २ मे

विदुषींनी कुलूप उघडले, यादी काढली, आकडे गटांत लावले. मग तेच आकडे तीनदा पुन्हा लावले, तेव्हा मी पाण्याचा पेला पुढे केला.

“काका, हे बघा ना! लांबनाक्यांत औषधवाल्यांची कवटी फक्त सात शतांशांनी अरुंद. आणि आखूडनाक्यांत एकतीस! एकतीस, काका! म्हणजे जनुकं ठरवतात, संप्रेरक कमी पडलं तर कुणाचं किती नुकसान व्हायचं ते.”

विभागप्रमुख धावत आले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते धावू शकतात हा त्या दिवसाचा दुसरा शोध. “हा एक आकडा तुला त्या जागेवर नेऊन बसवतो बघ,” म्हणाले. त्यांनी त्या मोठ्या संस्थेला तत्काळ फोन लावून आनंदवार्ता कळवली.

विदुषींनी मला वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, “तुमच्या हाताचं आहे हे.”

हे वाक्य घरी येईपर्यंत मला पुरले. काय पुरले ते सांगता येत नाही.

गुरुवार, ५ मे

आज विभागात मी एकटाच होतो. फेब्रुवारीत मोजलेल्या लांबनाक्यांच्या डब्यांतून डोळे मिटून दहा काढल्या आणि नोंदवही न पाहता पुन्हा मोजल्या. मग नोंदवही उघडली.

दहाही कवट्या अरुंद झाल्या होत्या. काही दहा शतांशांनी, काही तीसने. माझ्याच अक्षरातले फेब्रुवारीचे आकडे आणि माझ्याच अक्षरातले आजचे, शेजारी शेजारी. हाडे दोन महिन्यांत आकसत नाहीत. ठोकळा पुन्हा मोजला. दहा पूर्णांक शून्य शून्य.

कवटी पुन्हा हातात घेतली. मग जे कोणाही नवशिक्यास कळले असते ते कळले. पोलाद दबत नाही. माझा अंगठा त्याला कितीही दाबो, ते दहाच सांगणार. कोवळ्या कवटीच्या शिवणी उघड्या असतात, ती दबते. आणि संप्रेरक कमी पडलेल्या पिल्लाच्या शिवणी सर्वांहून अधिक उघड्या, म्हणून ती सर्वांहून अधिक दबते. मला थांबायची जागा बोटांना कळतच नव्हती. मी कवट्या मोजत नव्हतो, पिळत होतो.

लांबनाके चांगल्या हाताने मोजले, आखूडनाके या हाताने. एकतीस शतांशांचा शोध जनुकांचा नाही. तो माझ्या अंगठ्याचा आहे.

छाती धडधडेल असे वाटले. नाडी पाहिली: मिनिटाला बावन्न. एखाद्या ऋषीची असावी तशी.

शनिवार, ७ मे

न सांगण्याच्या बाजूने: प्रबंध तयार आहे, जागा तयार आहे, फोन होऊन गेला आहे. मुलीने तीन वर्षे उंदरांच्या वासात काढली आहेत. कोणी मेलेले नाही, उंदीर सोडून. सांगितल्यास मी विभागात ‘काकांचा हात’ न राहता निव्वळ काका उरेन, आणि काका सर्वत्र विपुल आहेत.

सांगण्याच्या बाजूने: आकडा खोटा आहे.

दुसरी बाजू आखूड असूनही जड भरते. पूर्वी अशा वेळी आत काहीतरी टोचत असे आणि त्या टोचणीने काम सोपे होई. आता टोचत नाही. केवळ तर्काच्या बळावर प्रामाणिक राहावयाचे म्हणजे कुबड्यांवर जिना चढणे आहे.

गृहस्वामिनी निरखून पाहत होती. “तुमच्या भुवया बाहेरून निम्म्या गेल्यात.”

“त्यांनी संन्यास घेतला.”

“आवाजही घोगरा झालाय. काल फोन उचलला तर मला वाटलं खंडणीवालाच बोलतोय.”

“किती मागितली?”

ती हसली नाही. पूर्वी हसत असे.

सोमवार, ९ मे

सांगण्याचा निश्चय करून गेलो. विदुषी फोनवर त्या शहरातल्या भाड्याच्या खोलीबद्दल बोलत होत्या. “खिडकी आहे ना? बस, मग काही नको.” मी कॅलिपर पुसला आणि परत आलो.

बुधवार, ११ मे

सांगितले.

“काका, थट्टा करताय ना?”

“आयुष्यात प्रथमच नाही.”

दहा कवट्यांचे आकडे पुढे ठेवले. पंचावन्नचा तडा मूळचा नव्हता हेही सांगितले. एक डबी उघडून म्हणाल्या, “मोजा.” मी मोजले: नऊ पूर्णांक चौऱ्याऐंशी. मग त्यांनी मोजले, अगदी हळू, श्वास रोखून: दहा पूर्णांक बारा. कॅलिपर खाली ठेवला. चेहरा पांढरा.

“कधीपासून होतंय हे बोटांचं?”

“मार्चअखेर. निश्चित तारीख नोंदवलेली नाही, क्षमस्व.”

“मला का नाही सांगितलंत?”

“मलाच कोणी सांगितले नाही.”

ओरडतील असे वाटले. ओरडल्या असत्या तर नियमास धरून झाले असते. परंतु त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. कपाळ, डोळे, गळा. मी डब्यातली वस्तू असल्यासारखे. मग विषयांतर केले. धक्का बसल्यावर माणूस काहीही बोलतो.

“थंडी वाजते तुम्हाला?”

“सर्वांनाच वाजते.”

“काका, लोक रुमाल ओले करून डोक्यावर ठेवतायत बाहेर. झोप?”

“विपुल.”

“वजन वाढलंय? पोट साफ होत नाही? विसरायला होतं? त्वचा कोरडी?”

एकूण आठ प्रश्न. सातांची उत्तरे होकारार्थी. आठवा कोणता होता ते विसरलो. तेव्हा त्या टेबलावर डोके ठेवून हसू लागल्या, आणि ते हसणे मध्येच बदलले.

“तीन वर्षं मी पिल्लांमध्ये हेच शोधतेय. हेच! आणि तुम्ही रोज माझ्यासमोर स्वेटर घालून बसता.”

मी सांगितले, की माझी कवटी मापनयोग्य वयाची राहिलेली नाही. त्यांनी एका कागदावर रक्ततपासणीची नावे लिहून दिली आणि उद्याच जाण्याची शपथ घातली. प्रबंध बुडालेल्या व्यक्तीस नाही म्हणवत नाही.

शुक्रवार, २० मे

अहवाल आला. वैद्यबाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारले, “तुम्ही स्वतः चालत आलात?”

ग्रंथी जवळपास बंद. घराण्यात कोणाला होते का, असे विचारले. गृहस्वामिनी म्हणाली, “यांच्या ताईला होतं. ती गोळी घ्यायची रोज सकाळी.” मला ती गोळी स्मरते. मी ती जीवनसत्त्वाची समजत होतो.

रोज पहाटे उपाशीपोटी एक गोळी, आजन्म. बोटांची नस मनगटात सूज आल्याने दबली आहे, तीही हळूहळू सुटेल म्हणतात. मी विचारले, “वैराग्यही जाईल काय?” वैद्यबाईंनी ते लिहून घेतले नाही.

परतताना गृहस्वामिनी रिक्षात बसून राहिली, उतरेचना. “मला वाटलं तुम्हाला आता कशाशीच काही घेणंदेणं उरलं नाही,” म्हणाली. मी रिक्षाचे भाडे दिले.

सोमवार, ६ जून

विभागप्रमुखांनी दोघांना आत बोलावले. दार लावले.

“बाहेर कुणाला बोललात?”

“नाही, सर.”

“मग बोलू नका. आखूडनाके ‘प्राथमिक निष्कर्ष’ म्हणून टाका. पुढच्या वर्षी कुणीतरी सुधारेल. काका, तुम्ही एवढे दिवस गप्प होतात, अजून नऊ दिवस राहा की.”

विदुषी म्हणाल्या, “पुढच्या वर्षी सुधारणारी मीच असेन ना, सर. त्यापेक्षा आत्ताच सुधारते.”

सोमवार, १३ जून

विदुषींनी तीन महिन्यांची मुदतवाढ मागितली. त्या संस्थेने नम्र पत्र पाठवले. जागा दुसऱ्या कोणास गेली. पत्र त्यांनी मला वाचायला दिले. मी त्यातील दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या. त्या म्हणाल्या, “बरं झालं, नाही गेले तिथे.” मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर फक्त जिना आहे.

आता दोन्ही वंशांच्या डब्या मिसळल्या आहेत. त्या मोजतात, मी आकडे लिहितो. सव्वीस वर्षांत टेबलाच्या या बाजूस मी प्रथमच बसलो. त्या फार हळू मोजतात. पंचावन्न मोजणीबाहेरच राहिली. तिच्यापुढे माझ्याच अक्षरात मी लिहिले: ‘मापकाच्या दाबाने फुटली.’

गुरुवार, ३० जून

त्रेसष्ट आखूडनाके आणि सर्व लांबनाके मोजून झाले. औषधवाल्यांची कवटी अरुंद, दोन्ही वंशांत. लांबनाक्यांत सात शतांश, आखूडनाक्यांत नऊ. मधल्या दोन शतांशांवर जनुकांचा सिद्धान्त उभा राहील काय? विदुषी म्हणाल्या, “उभा नाही राहणार. बसेल कदाचित.” नाकाच्या लांबीत मात्र वंशाचा फरक खरोखरच दिसतो, परंतु तो लहान आहे आणि त्याने कोणी फोन करणार नाही.

स्वेटर गृहस्वामिनीने धुऊन ठेवला. मला घाम येतो. अतिशय असंस्कृत अनुभव.

शुक्रवार, ८ जुलै

नियमानुसार मापन दोन स्वतंत्र हातांनी पडताळावे लागते. विदुषींनी दहा डब्या माझ्यासमोर ठेवल्या. मी म्हणालो, बाहेरचा कोणी माणूस बोलवा, माझ्या हातावर आता कोणी का विश्वास ठेवावा? सवयीने हात ठोकळ्याकडे गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, “ठोकळा नको. कवटीच घ्या.”

एक्केचाळीस क्रमांकाची उचलली. जबडे टेकवले. चकती सरकवू लागलो आणि अंगठ्याखाली काहीतरी आले. बारीक, दातेरी, वाळूच्या रेघेसारखे. शिवण होती. मिटत आलेली, पण मिटलेली नव्हे. अंगठा आपोआप थांबला. मी थांबवला नाही, तो थांबला. आकडा वाचला: दहा पूर्णांक शून्य नऊ. विदुषींनी आपल्या वहीत पाहिले. दहा पूर्णांक शून्य नऊ.

यात वस्तुतः काहीच विशेष नव्हते. तरीही कोणत्याही पूर्वसूचनेविना माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले आणि थांबेना. कारण ठाऊक नाही. मी काही विनोद करण्याचा प्रयत्न केला. बरेचसे पाणी कवटीवर पडले.

विदुषींनी माझ्या हातातून ती अलगद काढून घेतली आणि टिपकागदावर उपडी ठेवली.

“ओलं हाड फुगतं, काका. आकडा जास्त येतो. वाळू दे. उद्या मोजू.”